हाताचें माप आणि पडद्यावरील बाण

वाशीच्या कृषि उत्पन्न बाजारांत कांद्याचें पोतें कांट्यावर चढतें, तेव्हां तो कांटा कोणाच्या मालकीचा आहे याची शेतकऱ्यास फारशी चिंता करावी लागत नाहीं. नारायणगांवीं एक किलोग्रॅम भरलेला जिन्नस वाशींतहि एक किलोग्रॅमच भरला पाहिजे. कांट्यावर वैधमापनशास्त्र खात्याची मुद्रा असते आणि त्या मुद्रेच्या मागें कायदा उभा असतो. याच बाजारापासून थोड्या अंतरावर, वाशी रेल्वेस्थानकाच्या संकुलांत, माहितीतंत्राच्या कचेऱ्या आहेत. तेथें दिवसभर माणसें उजव्या हाताखालीं माऊस घेऊन काम करीत असतात. त्यांतील एकादा कारकून आपल्या मेजावरून उठून शेजारच्या मेजावर बसला, कीं त्याला निराळाच अनुभव येतो. हात दोन इंच सरकविला असतां पहिल्या संगणकावर जो बाण पडद्याच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत जाई, तोच दुसऱ्या संगणकावर अर्ध्या वाटेवर थांबतो आणि तिसऱ्यावर कोपरा ओलांडूं पाहतो. हात तोच, डोळे तेच, मेजहि एकाच सुताराचें. बदललें आहे तें माप. आणि या मापावर कोणाचीहि मुद्रा नाहीं.

असा प्रसंग आला म्हणजे मनुष्य बहुधा स्वतःलाच दोष देतो. घरांत नवा संगणक आला कीं, वडील माणसें म्हणतात, “आतां आमचा हात पहिल्यासारखा राहिला नाहीं.” तरुण मनुष्य तसें बोलून दाखवीत नाहीं, परंतु दहा वेळां नेम चुकल्यावर तोहि मनांतून चिडतोच. खरें पाहतां हाताचा यांत कांहींच अपराध नसतो. हातानें एक माप शिकून ठेवलेलें असतें आणि यंत्र त्याला न सांगतां तें माप बदलतें. हें माप असें बेवारशी कां राहिलें, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें; आणि नवल असें कीं, ती वाट महाराष्ट्रांतील जमीनमोजणीच्या जुन्या वाटेला जाऊन मिळते.

मनुष्यानें पहिलें माप घेतलें तें आपल्या शरीरावरून. बोट, वीत, हात, वांव आणि पाऊल हे शब्दच त्याची साक्ष देतात. परंतु दोघांचे हात सारखे नसतात, आणि शेतसारा तर हातांवर बसवावयाचा. तेव्हां तंटे ठरलेलेच. दोरीनें मोजावें तर दोरीहि विश्वासाची नाहीं. अकबराच्या राज्यांत दोरी ओलीनें व उन्हानें कमीजास्त होते असें आढळून आलें, म्हणून लोखंडी कड्यांनीं जोडलेल्या बांबूंची जरीब करण्यांत आली. महाराष्ट्रांत शिवछत्रपतींच्या कारकीर्दींत अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखालीं जी मोजणी झाली, तींत पांच हात व पांच मुठी लांबीची काठी प्रमाण धरली होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि असे एकशेंवीस बिघे म्हणजे एक चावर. या काठीचा जन्म हातापासून आणि मुठीपासून झाला होता, हें खरें. पण एकदां ती कापल्यावर ती कोणत्याहि एका हातावर अवलंबून राहिली नाहीं. मोजणारा उंच असो कीं ठेंगणा, शेताचें क्षेत्र तेंच भरे.

पुढें इंग्रजी अमदानींत इ. स. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत नव्या पद्धतीच्या मोजणीस आरंभ केला. मुंबई इलाख्याच्या मोजणींत तेहतीस फुटांची साखळी रूढ झाली. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. काठी गेली, साखळी आली. तरी तत्त्व तेंच राहिलें. आजहि घराचा भूखंड घेणारा गृहस्थ गुंठ्याचा भाव विचारतो, तेव्हां त्याच्या बोलण्यांत ती साखळीच बोलत असते.

वजनांच्या बाबतींत हा एकोपा पुष्कळ उशिरां आला. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा, तर बंगालचा सुमारें ब्याऐंशी पौंडांचा. शेर आणि पायली हीं मापेंहि गांवोगांवीं निराळीं. स्वतंत्र भारतांत १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनें टप्प्याटप्प्यानें लागूं झालीं, आणि मग मणाचा हा गोंधळ मिटत गेला. थोडक्यांत सांगावयाचें तर, नांव एक असून माप निराळें असणें ही मोठी अडचण होय. दोन गांवांच्या मणांत फरक आहे हें ठाऊक असल्यास हिशेब करतां येतो. परंतु दोन्ही ठिकाणीं नुसता ‘मण’ म्हटला आणि फरक गुप्त राहिला, तर परका मनुष्य हटकून फसतो.

आतां मोजणीच्या कचेरींतील आणखी एका उपकरणाकडे वळावयास पाहिजे. नकाशावर काढलेल्या वांकड्यातिकड्या शेताचें क्षेत्र काढण्यासाठीं ‘प्लॅनिमीटर’ नांवाचें यंत्र वापरीत. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार याकोब आम्सलर या स्विस गणितज्ञानें १८५४ सालीं बनविला. त्याचें एक टोंक कागदावर स्थिर ठेवावयाचें. दुसऱ्या टोंकाची सुई शेताच्या हद्दीवरून फिरवीत पुन्हां आरंभाच्या जागीं आणावयाची. आणि मधलें एक लहानसें चाक किती फिरलें तें वाचावयाचें, कीं क्षेत्र हातीं येतें. या चाकाची खुबी अशी कीं, तें स्वतःच्या दिशेनें झालेली हालचाल तेवढी मोजतें आणि आडव्या हालचालीस नुसतें घसरून वाट देतें.

अमेरिकेंतील डग्लस एंगलबार्ट याला १९६१ च्या सुमारास संगणकाच्या पडद्यावर खूण कशी करावी हा प्रश्न पडला होता. तेव्हां त्याला या चाकाचीच आठवण झाली. एका चाकानें एका दिशेची हालचाल मोजतां येते. तर मग परस्परांशीं काटकोन करणारीं दोन चाकें घेतलीं असतां मेजावरील कोणतीहि हालचाल मोजतां येईल, असा त्यानें विचार केला. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत त्याचा सहकारी बिल इंग्लिश यानें १९६४ सालीं या कल्पनेप्रमाणें पहिला माऊस तयार केला. तो लांकडी पेटीचा होता, तळाशीं धातूचीं दोन चाकें होतीं आणि वर एकच कळ होती. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें सुमारें एक हजार लोकांसमोर एंगलबार्टनें तो चालवून दाखविला. आणि १९७० सालीं त्याला त्याचें एकस्व मिळालें. अशा रीतीनें शेतजमिनीचें माप घेणाऱ्या चाकापासून हाताचें माप घेणारें साधन जन्मास आलें. हा वंशवृक्ष कळला म्हणजे माऊसकडे पाहण्याची दृष्टि बदलते. माऊस हें मुळांत मोजणीचें यंत्र आहे. तो हाताच्या हालचालीची मोजणी करून संगणकास कळवितो.

परंतु तो कळवितो तें नेमकें काय? “मी इतके इंच सरकलों” असें माऊस सांगत नाहीं. तो फक्त “इतक्या नोंदी झाल्या” एवढेंच सांगतो. एका इंचास किती नोंदी, हें त्याच्या घडणीवर अवलंबून. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७० नंतरच्या दशकांत चाकांच्या जागीं गोळी आली. १९८३ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपला माऊस विक्रीस काढला, आणि १९८४ मध्यें ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर माऊस सामान्य ग्राहकाच्या घरीं जाऊं लागला. मायक्रोसॉफ्टच्या कारागिरांनीं या नोंदीस विनोदानें ‘मिकी’ असें नांव ठेवलें. त्या वेळीं एक मिकी म्हणजे इंचाचा सुमारें दोनशेंवा भाग असे. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालींतील ठरावाप्रमाणें पडद्याची पूर्ण रुंदी तोडण्यास हात ३.२ इंच आणि पूर्ण उंची तोडण्यास २ इंच हलवावा लागे. येथवर सर्व कांहीं काठीसारखें सरळ होतें. हात इतका, तर बाण इतका.

अडचण पुढें सुरू झाली. मेजावर जागा थोडी, पडदे मात्र मोठे होत चाललेले. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास जावयाचें तर हात पुष्कळ सरकवावा लागे. आणि तो त्रास टाळण्यासाठीं प्रमाण वाढवावें, तर बारीक अक्षरावर नेम धरणें कठीण पडे. यावर कारागिरांनीं एक युक्ति काढली. हात सावकाश चालत असेल तर बाणानें सावकाश जावें, आणि हात झपाट्यानें चालला तर बाणानें दुप्पट धांवावें. डॉसमध्यें हा उंबरठा सेकंदास चौसष्ट मिकींचा होता. पुढें विंडोजच्या कांहीं आवृत्त्यांत दोन उंबरठे आले. पहिल्यापलीकडे दुप्पट आणि दुसऱ्यापलीकडे चौपट. विद्यापीठांतील यंत्रांवर चालणाऱ्या ‘एक्स’ या पडदाप्रणालींत चार नोंदींपलीकडे दुप्पट असा ठराव होता. ॲपलनें आपलें निराळें वळण ठेवलें. २००१ सालीं विंडोज एक्सपी आली आणि तिनें पायऱ्या काढून टाकून एक सलग चढण घातली. तिला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’, म्हणजे नेम सुधारण्याची सोय, असें नांव दिलें.

या वेगगुणनाचा हेतु चांगलाच होता; आणि जो मनुष्य जन्मभर एकाच यंत्रावर बसणार, त्याला त्याची संवयहि होऊन जाते. परंतु मापाच्या दृष्टीनें पाहिलें, तर काठी टाकून पुन्हां दोरी हातांत घेतल्यासारखें झालें. ती जुनी दोरी हवेप्रमाणें आखडे. ही नवी दोरी हाताच्या वेगाप्रमाणें ताणते. शिवाय प्रत्येक कंपनीची दोरी निराळ्या रीतीनें ताणणारी. १९९९ नंतर प्रकाशानें मेजाची छायाचित्रें घेऊन चालणारे माऊस घरोघरीं आले. त्यांच्या नोंदी एका इंचास चारशें, आठशें, सोळाशें अशा वाढत गेल्या. मणाचा जुना गोंधळ पुन्हां नव्या रूपानें उभा राहिला.

एक लहानसें गणित केलें म्हणजे फरक किती मोठा आहे हें दिसून येईल. पडद्यावर आडवे १९२० ठिपके आहेत आणि वेगगुणन बंद ठेवून एका नोंदीस एक ठिपका असें प्रमाण आहे, असें समजावें. इंचास आठशें नोंदी करणारा माऊस असल्यास पडदा ओलांडण्यास हात २.४ इंच, म्हणजे सुमारें सहा सेंटिमीटर, हलवावा लागेल. सोळाशें नोंदींचा माऊस असल्यास १.२ इंच, म्हणजे सुमारें तीन सेंटिमीटर, पुरेल. दोन मेजांवर दोन माऊस. दिसावयास सारखे, आणि मापांत दुपटीचा फरक.

हा फरक हातास इतका कां जाचतो, याचें उत्तर शास्त्रज्ञांनीं संगणकापूर्वींच देऊन ठेवलें होतें. रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९९ सालीं हाताच्या नेमाविषयीं प्रयोग प्रसिद्ध केले. त्याला असें आढळून आलें कीं, लक्ष्याकडे जाणाऱ्या हाताची हालचाल दोन भागांची असते. पहिला भाग म्हणजे एक झेंप. ती किती लांब घ्यावयाची हें हात आधींच ठरवून टाकतो. दुसऱ्या भागांत डोळा पाहतो आणि हात राहिलेली चूक सुधारतो. विटीदांडू खेळणारा मुलगा किंवा पोळी तव्यावर टाकणारी गृहिणी यांच्या हातांत हीच झेंप असते. ती संवयीनें येते, विचारानें येत नाहीं. पुढें १९५४ सालीं पॉल फिट्स यानें लक्ष्याचें अंतर, त्याची रुंदी आणि नेमास लागणारा वेळ यांचा नियम बसविला. १९७८ सालीं कार्ड, इंग्लिश व बर या तिघांनीं निरनिराळ्या साधनांची परीक्षा घेतली, तेव्हां माऊस याच नियमास धरून चालतो आणि त्याचा वेग मानवी हाताच्या मर्यादेच्या अगदीं जवळ पोहोंचतो, असें दिसलें. याचाच अर्थ असा कीं, माऊसचें सारें सामर्थ्य हाताच्या त्या पहिल्या झेंपेंत आहे. यंत्र बदलतांच पहिली झेंप खोटी ठरते आणि सगळा भार दुसऱ्या भागावर, म्हणजे पाहून पाहून सुधारण्यावर, पडतो. दिवसांतून हजारों वेळां असें झालें म्हणजे कामास वेळ लागतो, मनगट शिणतें आणि मन उबगतें.

मग यावर उपाय काय? पहिला उपाय यंत्रें जोडण्याच्या नियमांतच होता. १९९६ नंतर यूएसबी जोडणीचे जे नियम झाले, त्यांत उपकरणानें आपल्या नोंदीची खरी लांबी कळवावी अशी जागा ठेविलेली आहे. परंतु बहुतेक माऊस ती जागा रिकामीच सोडतात. नियम आहे, रकाना आहे. माप मात्र लिहिलेलें नाहीं.

दुसरा उपाय लिनक्स प्रणालीच्या कारागिरांनीं केला, आणि तो मापांच्या इतिहासांत शोभण्यासारखा आहे. २०१४ पासून वाढत गेलेल्या ‘लिबइनपुट’ या त्यांच्या साधनानें इंचास एक हजार नोंदी हें एक प्रमाण धरलें. कोणताहि माऊस असो, त्याच्या नोंदी या प्रमाणांत बदलून घ्यावयाच्या आणि मगच बाण चालवावयाचा, असा नियम केला. पण त्यासाठीं कोणत्या माऊसच्या इंचास किती नोंदी हें ठाऊक पाहिजे, आणि माऊस तर तें सांगत नाहीं. तेव्हां एक नोंदवही उघडण्यांत आली. ठिकठिकाणच्या वापरणाऱ्यांनीं आपापला माऊस मेजावर पट्टीच्या कडेनें ठराविक अंतर सरकवावा, नोंदी मोजाव्या, आणि माऊसचें नांव व आंकडा त्या वहींत घालावा. गांवोगांवच्या मोजणीदारांनीं साखळ्या ओढाव्या तसें हें काम. हळूहळू एकेक माऊस त्या वहींत चढत गेला, आणि ज्यांचीं नांवें तेथें आहेत त्यांचे बाण निरनिराळ्या संगणकांवर पुष्कळ सारखे चालूं लागले.

ज्याच्या घरीं एक संगणक आणि कचेरींत दुसरा, त्याला हीच मोजणी स्वतः करतां येते. प्रथम दोन्ही संगणकांवरचें वेगगुणन बंद करावें. आतां विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींतहि ती सोय आहे. विंडोजमध्यें वेगाच्या पट्टीवर अकरा खुणा असतात. त्यांतील सहावी खूण ठेविली म्हणजे प्रणाली नोंदींस गुणीत नाहीं आणि भागीतहि नाहीं. नंतर माऊसच्या शेजारीं मुलांच्या दप्तरांतील पट्टी ठेवावी, बाण पडद्याच्या डाव्या कडेस आणावा, आणि तो उजव्या कडेस पोहोंचेपर्यंत हात किती सेंटिमीटर सरकतो तें पाहावें. दुसऱ्या संगणकावर तेंच करावें. दोन आंकडे जुळत नसतील, तर ज्या माऊसला नोंदी कमीजास्त करण्याची कळ आहे तिनें, आणि ती नसल्यास प्रणालींतील वेगाच्या पट्टीनें, जुळवून घ्यावे. संगणकावर खेळ खेळणारीं तरुण मुलें या बाबतींत वडिलांच्या पुढें आहेत. खेळांतील पात्रानें एक पूर्ण गिरकी घेण्यास हात किती सेंटिमीटर हलतो, हा आंकडा तीं पाठ ठेवतात आणि यंत्र बदललें कीं तोच आंकडा पुन्हां बसवून घेतात.

येथें एक अडचण राहते. दोन पडदे लहानमोठे असले तर सारखेपणा कशाचा धरावयाचा? कांहींचें मत असें कीं, हाताच्या एका इंचास पडद्यावरहि ठराविक इंचच मिळावे. दुसरे म्हणतात, पडदा लहान असो वा मोठा, तो पूर्ण ओलांडण्यास हात तितकाच हलावा. दोन्ही मतांत तथ्य आहे. नकाशा वाचणारास पहिलें सोयीचें, तर लेखनिकास बहुधा दुसरें. मात्र कोणतें तरी एक पत्करून दोन्ही संगणकांवर तेंच पाळावें लागतें. बिघा कीं एकर, हा प्रश्न जुन्या काळींहि होताच. तंटा मिटला तो सर्वांनीं एक धरल्यावर. तसेंच माऊसचें वजन आणि त्याखालील मेजाचा गुळगुळीतपणा यांचा फरक पट्टीनें जात नाहीं. तथापि मुख्य माप जुळलें म्हणजे उरलेल्या फरकास हात थोडक्यांत सरावतो.

महाराष्ट्रांतील जमिनीचे जुने नकाशे आज संगणकावर उतरविले जात आहेत. काठीनें आणि साखळीनें मोजलेल्या शेतांच्या हद्दी पडद्यावर येतात आणि त्या रेषांवरून माऊसचा बाण फिरतो. ज्या हद्दींवरून एके काळीं प्लॅनिमीटरची सुई फिरत होती, त्याच हद्दींवरून त्याच्याच वंशांतील हें साधन आज चाललें आहे. शेताचें क्षेत्र तेथें बिनचूक राहतें, कारण त्याच्या मागें तीन शतकांची मोजणी आणि कायदा उभा आहे. तो बाण चालविणाऱ्या हाताच्या मागें मात्र तसें कांहीं नाहीं. वाशीच्या बाजारांतील कांट्यावर सरकारची मुद्रा असते. शेजारच्या कचेरींतील कारकुनाला आपली काठी स्वतःच कापून घ्यावी लागते. त्यासाठीं एक पट्टी आणि पांच मिनिटें पुरतात. आणि एवढें केल्यावर नव्या मेजावर बसतांना त्याला आपल्या हाताविषयीं शंका घेण्याचें कारण उरत नाहीं.